युरेकाचा नायक, क्लून्सचा संचालक

ऑस्ट्रेलियातील बॅलारॅट शहरात १८९३ साली पीटर लॉलर यांचा पुतळा उभारण्यात आला. १८५४ च्या युरेका बंडाचे हे नायक. परंतु पुतळ्याच्या अंगावर आहे तो विधानसभेच्या सभापतीचा झगा. तारुण्यातला बंडखोर उतारवयात भांडवलदार झाला, अशा ठराविक साच्यात हे चरित्र बसवून मोकळे होण्याचा मोह पुष्कळांना होतो. आमच्या मते हा साचा येथे लागू पडत नाही.

लॉलर यांचा जन्म १८२७ चा, आयर्लंडमधील एका सधन कुळाच्या घरातला. वडील ब्रिटिश पार्लमेंटचे सभासद होते. थोरले बंधू जेम्स फिंटन यांनी तर आयर्लंडची जमीन जमीनदारांची नसून आयरिश जनतेची आहे, असा सिद्धान्त मांडून त्या काळच्या चळवळीला धार आणली. पीटर मात्र स्थापत्यशास्त्र शिकले आणि दुष्काळाने उजाड झालेला देश सोडून १८५२ साली मेलबर्नला आले. प्रथम रेल्वेच्या बांधकामावर नोकरी, जोडीला मद्य व किराणा मालाच्या पेढीत भागीदारी आणि मग सोन्याच्या ओढीने खाणींकडे, असा हा क्रम आहे. बंडखोर होण्यापूर्वीच ते व्यापारी होते, हे सहसा कोणी ध्यानात घेत नाही.

बॅलारॅटचे खाणकरीदेखील कोणाचे मजूर नव्हते. चार-पाच जणांनी भागीदारी करावी, स्वतःच्या हिमतीवर विहिरीसारखा खड्डा खणावा आणि नशीब अजमावावे, असा तो धंदा. सोने लागो वा न लागो, परवान्यापोटी दरमहा एक पौंड भरावा लागे. त्यावर पोलिसांच्या अपमानकारक झडत्या, आणि मताधिकार तर नाहीच. २९ नोव्हेंबर १८५४ रोजी परवान्यांची होळी झाली. ज्याला आपण त्रिशंकू म्हणतो त्या तारकासमूहाच्या निशाणाखाली लॉलर यांनी जमावाला शपथ दिली. ३ डिसेंबरच्या पहाटे सैन्याने अर्ध्या तासाच्या आत खाणकऱ्यांची तटबंदी मोडली. वीसहून अधिक खाणकरी प्राणास मुकले. लॉलर यांचा डावा हात कापावा लागला आणि त्यांच्यावर २०० पौंडांचे इनाम लागले. तथापि राजद्रोहाच्या खटल्यात ज्युरींनी तेराही आरोपींना निर्दोष ठरविले. मासिक परवाना जाऊन वर्षाला एक पौंडाचा हक्कलेख आला, त्याबरोबर मतही आले. वर्षभरात लॉलर स्वतःच कायदेमंडळात जाऊन बसले!

भ्रमनिरास व्हायला वेळ लागला नाही. अनेक मतदारसंघांत मालमत्ता असलेल्यास अनेक मते देणाऱ्या विधेयकाला १८५६ साली लॉलर यांनी पाठिंबा दिला. मतदार खवळले, तेव्हा त्यांनी खुलासा केला की, आपण चार्टिस्ट नाही, साम्यवादी नाही आणि प्रजासत्ताकवादीही नाही; जुलमी वृत्तपत्रांना, जुलमी जनतेला व जुलमी सरकारला विरोध करणे म्हणजे लोकशाही असेल, तर मात्र आपण लोकशाहीवादी आहोत. या खुलाशात लबाडी नव्हती. स्वतःच्या श्रमाच्या फळावर कोणी अन्यायाने हात टाकू नये, हीच त्यांची पहिल्यापासूनची मागणी होती. समतेचे वचन त्यांनी कधी दिलेच नव्हते. ते अनुयायांनी गृहीत धरले.

इथवर लॉलर यांचे समर्थन करता येते. १८७३ साली क्लून्स येथे जे घडले त्याचे मात्र करता येत नाही. एव्हाना उथळ खड्ड्यांतले सोने संपून खोल खाणींचे युग आले होते. खोल खाणीला यंत्रे लागतात, यंत्रांना भागभांडवल लागते, आणि कालचा भागीदार आज रोजंदारीवर येतो. लोथेअर खाणीतील कामगारांनी कामाच्या वेळेवरून संप पुकारला. संप मोडण्यासाठी कंपनीने स्वस्त मजुरीवर चिनी मजूर आणविले. गाड्यांसोबत पोलिसांचा पहारा होता. ९ डिसेंबर रोजी क्लून्सच्या नागरिकांनी रस्त्यात तटबंदी रचून त्या दगडफेकीने परतविल्या. कंपनीच्या संचालकांत एक नाव पीटर लॉलर यांचे होते. एकोणीस वर्षांपूर्वी तटबंदीच्या आत उभा असलेला माणूस आता पोलिसांच्या पहाऱ्याचा लाभार्थी झाला होता. मालमत्तेच्या हक्काचा युक्तिवाद येथे अपुरा पडतो. कारण एकजूट हीच ज्याची एकमेव मालमत्ता, त्या कामगाराचा हक्क लॉलर यांना दिसू नये, हे युरेकाच्या शपथेशी जुळत नाही.

क्लून्सच्या विजयाचेही नुसते पोवाडे गाऊन चालणार नाही. दगड बसले ते संचालकांना नव्हे, चिनी मजुरांना. याच व्हिक्टोरिया वसाहतीने १८५५ साली समुद्रमार्गे येणाऱ्या प्रत्येक चिनी माणसावर दहा पौंडांचा कर बसविला होता. ज्यांनी परवान्याची होळी केली त्यांच्यातून या कराविरुद्ध कोणी तटबंदी उभारली नाही.

लॉलर यांच्या कारकिर्दीला क्लून्सने काही बाध आला नाही. १८७१ साली गमावलेली जागा त्यांनी १८७४ साली परत मिळविली. ते मंत्री झाले, १८८० ते १८८७ सभापती राहिले. निवृत्तीच्या वेळी वसाहतीच्या कायदेमंडळाने त्यांना ४,००० पौंड मंजूर केले. ‘सर’ हा किताब मात्र त्यांनी नाकारला होता.