भर उन्हातला नरबळी

भयपट म्हटला की मराठी प्रेक्षकाच्या डोळ्यांपुढे अमावास्येची रात्र, ओसाड वाडा आणि करकरणारे दार उभे राहते. भीतीचे वास्तव्य अंधारात असते आणि उजाडले की तिचा अंमल संपतो, हा जगभरच्या भयकथांचा जुना संकेत आहे. आरी अ‍ॅस्टर या अमेरिकन दिग्दर्शकाने २०१९ साली ‘मिडसोमार’ या चित्रपटात तो संकेत उलटा केला. आरंभीचा हिवाळ्यातील भाग सोडला, तर या चित्रपटात रात्र जवळजवळ नाहीच. स्वीडनच्या हेल्सिंगलंड प्रांतातील होर्गा नावाच्या वस्तीत, ऐन उन्हाळ्याच्या दिवसांत, सूर्य मावळण्याचे नाव घेत नाही. भरतकाम केलेली पांढरी वस्त्रे ल्यालेले, मस्तकी फुलांच्या माळा धारण केलेले, गौरवर्णी व हसतमुख स्त्रीपुरुष हिरवळीवर फेर धरतात, एका पंगतीस जेवतात, आणि नऊ माणसांचा बळी देतात.

चित्रपट प्रदर्शित होऊन वर्षे लोटली, तरी प्रेक्षकांमधील त्याविषयीचा वाद शमलेला नाही. चित्रपटगृहातून बाहेर पडणाऱ्यांची मते घेऊन श्रेणी देण्याची अमेरिकेत रीत आहे. त्या पाहणीत या चित्रपटाला ‘सी प्लस’ मिळाली. म्हणजे उत्तरपत्रिका तपासणाऱ्याच्या भाषेत, काठावर उत्तीर्ण. समीक्षकांपैकी अनेकांनी मात्र त्याची मुक्तकंठाने स्तुती केली. कित्येकांना त्याची १४७ मिनिटे असह्य झाली, तर काहींनी १७१ मिनिटांची दिग्दर्शकाची आवृत्तीही आवडीने पाहिली. स्वीडनमध्ये पुष्कळांना हसू आवरले नाही, आणि ते स्वाभाविकच होते. ज्या सणाला प्रौढ माणसे खांबाभोवती बेडकासारख्या उड्या मारीत गाणी म्हणतात आणि खारवलेल्या हेरिंग माशाबरोबर नवे बटाटे खातात, तो आपला घरगुती सण परदेशी कॅमेऱ्याला इतका भयानक दिसावा याची त्यांना गंमत वाटली. (चित्रीकरण तर स्वीडनमध्ये नव्हे, हंगेरीत झाले.) पण हे सारे रुचिभेद झाले. खरा वाद आहे तो शेवटच्या दृश्याविषयी.

नायिका डॅनी ही अमेरिकन विद्यार्थिनी. ऐन हिवाळ्यात तिची मनोरुग्ण बहीण मोटारीचा विषारी धूर घरात सोडून आईवडिलांसह स्वतःचा अंत करते. डॅनीला आपले म्हणावे असे कोणी उरत नाही. ख्रिश्चन नावाचा प्रियकर आहे, पण तो तिच्यासोबत आहे तो केवळ तिला सोडण्याचे धैर्य नसल्यामुळे. मानववंशशास्त्र शिकणारा हा तरुण आणि त्याचे मित्र पेले या स्वीडिश सहाध्यायाच्या निमंत्रणावरून, त्याच्या गावी दर नव्वद वर्षांनी होणारा उत्सव पाहण्यास निघतात. डॅनीलाही, काहीशा नाइलाजानेच, बरोबर घेतले जाते. उत्सवाचा नियम असा, की चार बळी बाहेरचे, चार गावातले आणि नववा उत्सवराणीने निवडायचा. नृत्यस्पर्धा जिंकून डॅनीच राणी होते आणि ख्रिश्चनची निवड करते. औषध देऊन लुळा व मुका केलेला हा तरुण अस्वलाच्या कातड्यात घालून पिवळ्या त्रिकोणी मंदिरात जाळला जातो. डॅनीचा चेहरा आधी वेदनेने पिळवटतो. मग हळूहळू तिला हसू येते. तेथे चित्रपट संपतो.

हे हसू कशाचे? एका पक्षाचे म्हणणे असे की ते मुक्तीचे आहे. अप्पलपोट्या पुरुषाच्या उपकाराखाली जगणाऱ्या स्त्रीला अखेर तिचे घर मिळाले. दिग्दर्शकाने स्वतःच या चित्रपटाचे वर्णन प्रेमभंगाची कथा असे केल्यामुळे या पक्षाला बळ मिळाले. दुसरा पक्ष म्हणतो, शोकाने खचलेल्या मुलीला हेरून, गुंगीची पेये पाजून, तिच्या हातून खून करवून घेतला गेला. ते हसू म्हणजे तिच्या विवेकाचा अस्त आहे. आणि ज्या प्रसंगासाठी ख्रिश्चनला शिक्षा होते, तो स्त्रीसंग तरी त्याने शुद्धीवर राहून केला होता काय, असा या पक्षाचा रोकडा सवाल आहे.

पुरोगामी मंडळींची सहानुभूती साहजिकच दुसऱ्या पक्षाकडे झुकेल. तथापि पहिल्या पक्षाला भाबडे ठरवून मोकळे होणे म्हणजे चित्रपटातील सर्वांत मोलाचा भाग नजरेआड करणे होय. ख्रिश्चनला दुसऱ्या स्त्रीसोबत पाहून डॅनी कोसळते, तेव्हा गावातील तरुणी तिच्याभोवती बसतात, तिच्या श्वासाशी श्वास मिळवतात आणि तिच्यासोबत तिच्याच स्वरात आक्रोश करतात. अमेरिकेत असताना हीच मुलगी आपले रडू विमानाच्या शौचालयात कोंडून घेत होती! ज्या प्रेक्षकांना, विशेषतः स्त्रियांना, हा प्रसंग पाहून हायसे वाटले त्यांची गरज खोटी नाही. जो समाज माणसाला कुटुंब कोसळल्यावर केवळ मानसोपचाराच्या गोळ्या आणि दूरध्वनीवरच्या मैत्रिणीचा सल्ला एवढेच देऊ शकतो, त्या समाजातील ही भूक आहे. प्रगत भांडवली देशांतील परात्मतेविषयी ग्रंथांचे ढीग लिहिले गेले आहेत. प्यू या अभिनेत्रीच्या रडण्याने ती गोष्ट दोन मिनिटांत कळते. मित्रामित्रांमध्येही तेथे व्यवहारच आहे. जॉशने निवडलेला प्रबंधाचा विषय ख्रिश्चन निर्लज्जपणे बळकावतो, आणि समोर माणसे मरत असताना दोघे भांडतात ते त्या विषयाच्या मालकीवरून.

पंथ माणसे मिळवतो ती या भुकेच्या बळावर. पेले हा काही दाढी वाढवलेला मांत्रिक नव्हे. सर्वांत मायाळू असा तोच आहे. डॅनीचा वाढदिवस त्यालाच आठवतो, आणि तुझा प्रियकर तुला आधार देतो काय, हा नेमका प्रश्न तोच विचारतो. प्रश्न खरा असतो, उत्तर मात्र आधीच ठरलेले असते.

आता किंमत कोण मोजतो ते पाहू. होर्गात आयुष्याचे अठरा-अठरा वर्षांचे चार ऋतू मानलेले आहेत. बहात्तरी पूर्ण झाली की वृद्धांनी कड्यावरून उडी घ्यायची. वृद्धांचा प्रश्न इतक्या स्वस्तात सोडवणारी अर्थव्यवस्था कोणत्याही अर्थमंत्र्यास हेवा वाटावी अशीच आहे. या कड्याला स्वीडनमध्ये ‘एत्तेस्तूपा’ म्हणतात. अशी प्रथा खरोखर होती याला पुरावा नाही. एका आइसलँडी कथेतून ही कल्पना पसरली. मात्र म्हाताऱ्यांची आबाळ करणाऱ्या सरकारी धोरणाला त्या देशात आजही हेच नाव देऊन झोडपले जाते, ही बोलकी गोष्ट आहे. चित्रपटात उडी घेतलेला वृद्ध लगेच मरत नाही, तेव्हा त्याचे डोके लाकडी हातोड्याने फोडले जाते. तो विव्हळतो तसे सारे गाव विव्हळते. डॅनीसोबत रडणारे गाव ते हेच. सहवेदना तीच, आणि तिच्यामुळे हातोडा क्षणभरही थांबत नाही. मंदिरात स्वेच्छेने जळायला बसलेल्या गावच्या दोन तरुणांना, वेदना होऊ नयेत म्हणून, यू वृक्षाचा रस चाखवतात. ज्वाला अंगाला भिडताच त्यांतील एक जण किंचाळतो. रस निरुपयोगी होता. बाहेर उभे असलेले गावकरी त्या किंकाळीत आपली किंकाळी मिसळतात. रसाविषयी कोणी प्रश्न विचारीत नाही.

प्रेक्षकांतील एक तिसरा पक्षही आहे, आणि या साप्ताहिकाच्या वाचकांनी त्याच्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. सामूहिक जीवन, एकत्र भोजन, मुलांचे सामायिक संगोपन, खाजगी दुःखाला थारा नाही. तर समूहवाद अखेर माणसे जाळतो तो असा, असे हा पक्ष म्हणतो. त्याला उत्तर देताना १९७३ सालच्या ‘द विकर मॅन’ या ब्रिटिश चित्रपटाची आठवण होते. भर दिवसाच्या नरबळीची ही परंपरा त्याच्यापासूनच ठळक झाली. तेथे स्कॉटलंडजवळच्या एका बेटाचा जमीनदार मोकळेपणाने सांगतो, की १८६८ साली त्याच्या आजोबांनी हे ओसाड बेट विकत घेतले, सफरचंदाच्या नव्या जाती लावल्या, आणि सुस्त पडलेल्या रयतेला कामाला लावण्यासाठी तिचे जुने देव तिला परत दिले. पीक बुडाले तेव्हा बळी दिला गेला तो पोलीस अधिकाऱ्याचा, जमीनदाराचा नव्हे! तेथे श्रद्धेच्या मागे सातबारा स्पष्ट दिसतो. अ‍ॅस्टरच्या होर्गात जमीन कोणाची, धान्य किती पिकते, नांगर कोण धरतो, यांतले काहीच कळत नाही. निर्णय वडीलधारे घेतात, ते चर्चेला येत नाहीत, आणि ‘परंपरा’ एवढेच त्यांचे कारण असते. ज्या समूहात उत्पादनाचा हिशेब आणि मतभेदाची सभा दोन्ही नाहीत, त्याला समाजवादाचे रूप म्हणणे हा शब्दांचा दुरुपयोग आहे. दिग्दर्शकाचाही येथे दोष आहे. फुलांची नावे माहीत असलेल्या या कलावंताला धान्याचे कोठार दाखवावेसे वाटले नाही.

परंतु एवढ्यावर हात झटकता येत नाहीत. स्वीडनमध्येच पेर आल्बिन हान्सन यांनी १९२८ साली समाज हे सर्वांचे घर व्हावे, त्यात कोणी लाडके-सावत्र नसावे, अशी कल्पना मांडली आणि सामाजिक लोकशाहीवाद्यांनी ती पुष्कळ अंशी प्रत्यक्षात आणली. त्याच देशाने १९३४ साली नसबंदीचा कायदा केला. १९३५ ते १९७५ या काळात सुमारे ६३ हजार शस्त्रक्रिया झाल्या. बहुसंख्य स्त्रियांवर, आणि त्यांतील अनेकींवर दडपण आणून. ‘एशियन ड्रामा’मुळे भारतीय अभ्यासकांना परिचित असलेले गुन्नार मिर्दाल आणि पुढे भारतात राजदूत म्हणून राहिलेल्या त्यांच्या पत्नी आल्व्हा, यांनी १९३४ सालच्या आपल्या लोकसंख्याविषयक ग्रंथात अशा नसबंदीचा पुरस्कार केला होता. होर्गातील वडीलधारे कोणी कोणाशी संग करावा हे ठरवतात, रक्तसंबंधांचा हिशेब ठेवतात. हे पाहताना स्वीडिश प्रेक्षकाला केवळ बेडूकउड्याच आठवल्या असतील असे नाही. आणीबाणी अनुभवलेल्या भारतीय वाचकालाही हे वेगळे सांगायला नको. तरीही होर्गा आणि स्वीडन यांत एक भेद आहे. १९९७ साली वृत्तपत्रातील लेखमालेने या प्रकरणाला पुन्हा वाचा फोडली, चौकशी झाली, आणि १९९९ साली कायदा करून पीडितांना प्रत्येकी १,७५,००० क्रोनर भरपाई देण्याचे ठरले. उशीर फार झाला होता. पण त्या घराला आपला अपराध लिहून काढता आला. होर्गाच्या पोथीत पुढची पाने कोरी आहेत, आणि ती भरण्याचा अधिकार मुद्दाम जवळच्या रक्तसंबंधांतून जन्माला घातलेल्या एका मुलाच्या रंगाच्या फटकाऱ्यांना आहे. त्यांचा अर्थ लावणार अर्थातच वडीलधारे.

आणखी एक गोष्ट घाईत पाहणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. तरुणांची मोटार हेल्सिंगलंडच्या रस्त्याने जाते तेव्हा कॅमेरा उलटा फिरतो, आणि त्या उलट्या चित्रात रस्त्यावर टांगलेला एक फलक दिसतो: या प्रांतात होणारे घाऊक स्थलांतर थांबवा. स्वीडिश न जाणणाऱ्या प्रेक्षकाला तो केवळ कापडाचा तुकडा. बाहेरून आलेल्यांपैकी जिला गाव सामावून घेते ती एकटी डॅनी, सोनेरी केसांची. गोऱ्या वंशाच्या शुद्धतेचे स्वप्न पाहणाऱ्या काहींना हे गाव हवेसे वाटले, तर तो त्यांचा निव्वळ गैरसमज म्हणता येणार नाही. गावाला ते बरोबर ओळखतात.

बाजाराने मात्र या वादात कोणताच पक्ष घेतला नाही. फुलांच्या माळा विकल्या गेल्या. २०२० साली निर्मात्यांनी करोनाकाळातील मदतनिधीसाठी चित्रपटातील वस्तूंचा लिलाव केला, तेव्हा राणीचा फुलांचा झगा ६५ हजार डॉलरना ऑस्करवाल्या अकादमीच्या संग्रहालयाने घेतला.

मुक्ती की गुलामी, हा वाद डॅनीच्या चेहऱ्याकडे पाहून सुटणार नाही, कारण चेहरा तिचा एकटीचा आहे. पाहायचे ते सायमन आणि कॉनी या लंडनच्या जोडप्याकडे. कड्यावरचा प्रकार पाहून संतापाने ओरडणारे, आम्हाला येथे राहायचे नाही असे उघड सांगणारे हे दोघेच. गावातील कोणीही त्यांच्यावर रागावत नाही. अत्यंत गोड शब्दांत त्यांची समजूत घातली जाते, निघण्याची व्यवस्था करतो म्हणून सांगितले जाते. मग गाडीत दोघांपुरतीच जागा होती, म्हणून सायमन आधी स्टेशनवर गेला, असे कॉनीला कळवण्यात येते. तो मला सोडून जाणार नाही, असे ती म्हणते. दूरवरून एक किंचाळी ऐकू येते. जेवणाच्या पंगतीला दोन पाने कमी मांडली जातात, आणि ऊन तसेच लख्ख पडलेले असते.