आधी बस

3 फेब्रुवारी 1925 रोजी बोरीबंदरहून कुर्ल्याकडे देशातली विजेवर धावणारी पहिली आगगाडी निघाली. 2025मध्ये त्याला शंभर वर्षं झाली. ट्राम धरली तर मुंबईकर 1907पासूनच विजेवर प्रवास करतो आहे. लोकलच्या नव्या गाड्या तर ब्रेक लागताना तयार होणारी वीज पुन्हा वरच्या तारेत सोडतात. माणशी किती ऊर्जा लागली हे मोजायचं तर लोकलच्या जवळपास जाईल असं दुसरं वाहन या शहराकडे नाही. हे लिहिताना 9 जून 2025चा दिवस विसरता येत नाही. मुंब्र्याजवळ खचाखच भरलेल्या लोकलमधून पडून माणसं गेली, कामावर निघालेली. ऊर्जेची ही बचत प्रवाशांचे जीव टांगणीला लावून होत असेल तर तिचं कौतुक करायला जीभ रेटत नाही.

स्टेशनाबाहेर बस लागते. 2025च्या मे महिन्यात बेस्टचं किमान भाडं पाचाचं दहा रुपये झालं. त्याच वर्षी राज्याच्या नव्या धोरणाने विजेवरच्या मोटारींना अटल सेतूवर टोल माफ केला. माफी विजेवरच्या बसनाही आहे, आणि धूर ओकणाऱ्या मोटारीपेक्षा विजेवरची बरी, हेही खरं. पण रस्ता ती तेवढाच अडवते आणि आपली बरीचशी वीज अजून कोळशावरच तयार होते. एका माणसाला कचेरीत पोचवायला टनभराहून जास्त वजन हलवायचं, हा हिशेब बॅटरी बसवल्याने बदलत नाही. दोन-तीन मोटारींच्या जागेत एक बस चाळीस-पन्नास माणसं नेते.

बसला हवा मोकळा रस्ता. पुण्याने 2006मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर बससाठी वेगळी मार्गिका आखली, देशात सगळ्यांच्या आधी. पुढे नगर रस्त्यावरही मार्गिका आली, आणि वाहतूककोंडीचं कारण देऊन तिचा काही भाग उखडला गेला. कोंडी केली मोटारींनी, जागा गेली बसची. या निर्णयाचं आम्हाला मनापासून दुःख आहे.

म्हणून या दिवाळी अंकाचा विशेष विभाग बसचे चालक-वाहक आणि रोजचे प्रवासी यांच्या लेखनाला दिला आहे. सरकारकडे आमची मागणी एवढीच, की टोलमाफीसाठी दाखवलेली तत्परता बसचा ताफा वाढवण्यासाठी आणि तिच्या मार्गिकांसाठीही दाखवावी, आणि येत्या अर्थसंकल्पात तशी तरतूद करावी.