कात्री कानाच्या हाती द्या

विद्वान माणूस ऐकण्याविषयी बोलू लागला की नादब्रह्मापासून सुरुवात करतो. मी दोंडाईच्याचा एक शाळामास्तर, फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारा. नावापुढे पदवी नाही. तेव्हा ब्रह्म बाजूला ठेवून मी कात्रीविषयी बोलणार आहे. मुद्रित केलेला आवाज संगणकावर ज्या कात्रीने कापतात, ती कात्री आज डोळ्याच्या हाती आहे. ती कानाच्या हाती गेली पाहिजे, हे माझे म्हणणे.

फितीच्या काळी हे काम कसे चाले ते आधी पाहू. चांगल्या यंत्रावर फीत सेकंदाला १५ इंच धावे. संकलक दोन्ही चकत्या हाताने धरून ती मागेपुढे डुलवी. हात हळू, तर आवाज हळू आणि जाड; हात उलटा, तर आवाज उलटा; हात थांबला की आवाजही गप्प. अशा रीतीने शब्दाचे तोंड सापडले की तेथे पिवळ्या पेन्सिलीची खूण करायची, ब्लेडने तिरपा काप घ्यायचा आणि चिकटपट्टीने सांधायचे. या चाचपण्याला इंग्रजीत ‘स्क्रबिंग’ म्हणतात. एका व्यंजनाला सेकंदाचा विसावा भाग लागतो असे धरा. तेवढ्यात पाऊण इंच फीत सरके. पाऊण इंच म्हणजे शिंप्यालाही कात्री चालवायला पुरेशी जागा झाली!

आता पडद्याकडे या. तासाभराचे मुद्रण हजार ठिपक्यांच्या रुंदीत मांडले, तर एका ठिपक्याच्या वाट्याला ३.६ सेकंद येतात. म्हणजे माऊस एक ठिपका सरकला की अशी बहात्तर व्यंजने ओलांडली. ओवीची अख्खी ओळ हाताखालून निसटली. “मग चित्र मोठे करून पाहा ना,” असे शहाणे सांगतात. मोठे केले की नुसते डोंगर दिसतात. कोणता डोंगर कोणत्या शब्दाचा, हे कळत नाही. आणि गंमत पाहा, तक्रार ऐकू येत नाही अशी आहे, आणि त्यावर उपाय काय, तर आणखी पाहा!

ते चित्र खोटे असते असे मी म्हणत नाही. टाळी, खोकला, लांब शांतता ही डोळ्याला चटकन सापडतात. पण चित्र आवाजाची उंची दाखवते, अर्थ दाखवत नाही. आपल्या भाषेत ‘कण’ आणि ‘खण’ यांत फरक कशाचा? क नंतर निसटणाऱ्या श्वासाचा. तो श्वास पडद्यावर धुळीच्या बारीक रेषेसारखा दिसतो. डोळ्याने कापणारा ती रेषा केराची समजून उडवतो आणि ‘खण’चा ‘कण’ होतो, ‘थर’चा ‘तर’ होतो. कानाला ही चूक ताबडतोब कळली असती. पण कान बिचारा काप झाल्यावर पंचनाम्याला बोलावला जातो.

खानदेशातल्या माणसाने एवढे तावातावाने का बोलावे? कारण आमचे धन कागदावर कमी आणि कंठात जास्त. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. सोपानदेव आणि घरची मंडळी टिपून घेत राहिली, म्हणून १९५१ साली त्या गेल्यावर १९५२ साली त्यांच्या गाण्यांचे पुस्तक झाले. पुढे गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांतल्या कित्येक मूळ आवाजात मुद्रित झाल्या. अशा आवाजांना लेखणी लागते, तशीच आता कात्रीही लागते.

आमच्या शाळेतली मुले आपापल्या आज्यांची अहिराणी गाणी मोबाईलवर घेतात. मागे रेल्वेची शिट्टी, कोंबडा, भांडी, सारे असतेच. एका आजीबाईंना मी संगणकासमोर बसवले. अक्षरओळख नाही, पण गाणे कुठे चुकले आणि कुठून पुन्हा धरले, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक? त्या सांगत होत्या, “आठे नही, जरा मांगे ले.” मी माऊस मागे नेला, आवाज मुकाच. सोडला, तेव्हा तिसरेच कडवे सुरू झाले. चार वेळा असे झाल्यावर त्या कंटाळून उठल्या. गाणे त्यांचे, कान त्यांचा; निवाडा मात्र त्या हिरव्या डोंगरांचा! लिपी न शिकलेल्या बाईला यंत्राने दुसऱ्या एका लिपीत निरक्षर ठरवले. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, ही म्हण मला आठवली. फक्त येथे दळणारीला सगळे ठाऊक होते, आंधळे होते ते यंत्र.

“चाचपणीची सोय आहे हो, तुम्हीच शोधली नाही,” असे उत्तर मिळते. खरे आहे. पुष्कळ साधनांत ती असते. कुठल्यातरी यादीच्या पोटातल्या यादीत, दोन किल्ल्या एकदम दाबल्यावर. पण घराला दार आहे, ते कोठीघरातून उघडते, असे सांगणाऱ्या गवंड्याला आपण शाबासकी देतो काय? शिवाय काही साधनांत चाचपताना आवाज सलग येत नाही, तुटलेल्या माळेचे मणी टपटपावेत तसा येतो. व्यंजनाची कड त्या दोन मण्यांच्या मधेच हरवते.

तेव्हा मागणी साधी आहे. आवाजावर बोट ठेवले की तो वाजला पाहिजे, आधी परवानगी न मागता. हात हळू झाला की काळही हळू व्हावा. चित्र लहान असो वा मोठे, बोटाखाली व्यंजनाला पुरेशी जागा मिळावी. हात थांबला की आवाजाने थांबावे. वेग अर्धा केला की आवाज एक सप्तक खाली उतरतो. शब्दाची कड शोधायला ते बरे, गाणारीचा गळा ओळखायला नव्हे. म्हणून दोन्ही तऱ्हा द्याव्यात आणि निवड ऐकणाऱ्यावर सोडावी. आणि बटणांवरची नावे मराठीतही असावीत.

यात अशक्य काय आहे? सेकंदाचे ४४,१०० तुकडे करून आवाज साठवणाऱ्या यंत्राला त्यातले थोडे तुकडे हाताच्या चालीने मागेपुढे वाजवता येऊ नयेत, हे पटण्यासारखे नाही. अडचण यंत्राची नाही, मानाची आहे. साधने घडवणारा स्वतः वाचून जगतो. ऐकून जगणारी माणसे त्याच्या हिशेबात नसतात. त्यांना हिशेबात धरण्यासाठी आणखी थांबता येणार नाही, कारण जात्यावर गाणाऱ्या आता थोड्या उरल्या आहेत. त्या आहेत तोवर आपल्या गाण्याचा काप कुठे घ्यायचा, हे त्यांनाच सांगता आले पाहिजे.