गोंडी गाणं, डीजेचा बीट आणि 1982 चा ‘रेट्रो’ आवाज: यात गाणाऱ्याचं नाव कुठे आहे?

यूट्यूबवर ‘गोंडी डीजे’ एवढंच टाइप करून बघा. गडचिरोली, चंद्रपूर, बस्तर, बालाघाट, आदिलाबाद... स्क्रोल करत जा, यादी संपत नाही. एखादं गाणं लावलं की आधी सायरन वाजतो. मग घोगऱ्या आवाजात डीजेचं नाव येतं. त्यानंतर बायकांच्या घोळक्याने म्हटलेलं रेला गाणं सुरू होतं आणि त्याच्याखाली छातीत धडधडणारा बेस. थोड्या थोड्या वेळाने डीजेचं नाव पुन्हा ऐकू येतं. गाणाऱ्या बायकांचं नाव मात्र बऱ्याचदा कुठेच नसतं. टायटलमध्ये नाही, डिस्क्रिप्शनमध्ये नाही, कमेंटमध्येही कुणी विचारत नाही.

लग्नाच्या वरातीत, गणपतीत, पोळ्यानंतरच्या मिरवणुकीत आपण या गाण्यांवर नाचतो आणि विसरून जातो. पण जंगलपट्ट्यातलं हे संगीत नीट ऐकलं तर त्यात यंत्रांचा इतिहास आहे, भाषेचा प्रश्न आहे, कायदा आहे आणि पैशाचा हिशोबही आहे. एकेक मुद्दा बघू.

याला ‘अंडरग्राउंड’ का म्हणायचं?

मुंबई-पुण्यात ‘अंडरग्राउंड’ म्हटलं की तळघरातला क्लब आणि महागडं तिकीट आठवतं. पण या शब्दाचा साधा अर्थ असा, की ज्या संगीतामागे मोठी कंपनी नाही, जे रेडिओवर वाजत नाही, ज्याची समीक्षा छापून येत नाही आणि तरीही जे हजारो लोकांपर्यंत पोहोचतं. या अर्थाने गोंडी डीजे मिक्स कुठल्याही क्लबपेक्षा जास्त अंडरग्राउंड आहे. हे गाणं पेन ड्राइव्हवरून साउंडच्या गाडीत जातं, तिथून व्हॉट्सअ‍ॅपवर आणि मग दुसऱ्याच कुणाच्या यूट्यूब चॅनेलवर.

आपल्याकडे ‘डीजे’ शब्दाचेही दोन अर्थ आहेत. मिक्स बनवणारा पोरगा म्हणजे डीजे आणि ‘लग्नात डीजे लावला’ म्हणताना गाडीवर रचलेल्या स्पीकरच्या भिंतीही डीजेच. या संगीताचा सगळा बाज त्या भिंतींसाठी घडलेला आहे. म्हणून ‘साउंड चेक’, ‘कॉम्पिटिशन’, ‘हाय गेन’ अशी नावं दिसतात. ते ट्रॅक मुळात कुणाच्या भिंती जास्त हलतात हे ठरवण्यासाठी बनतात.

झाडीपट्टीला विजेवर चालणारं वाद्य तसं नवंही नाही. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे झाडीपट्टी रंगभूमीचं केंद्र. दिवाळीनंतर इथून गावोगाव नाटकं जातात आणि प्रयोग रात्रभर चालतात. या रंगभूमीचे ज्येष्ठ कलाकार परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. नाटकाच्या साथीला ऑर्गन-तबल्याच्या शेजारी ऑक्टोपॅड आणि कीबोर्ड कधीच येऊन बसले. गावातल्या पोरांनी इलेक्ट्रॉनिक ठेका पहिल्यांदा ऐकला तो क्लबमध्ये नव्हे, मंडपात.

यातलं ‘रेट्रो’ नेमकं काय?

दोन गोष्टी. पहिली म्हणजे गाणं जुनं. रेला, ढेमसा, दिवाळीच्या दिवसांतल्या दंडारीची गाणी. एका गटाने ओळ म्हणायची आणि दुसऱ्याने ती उचलायची, या पद्धतीने पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली.

दुसरी गोष्ट जास्त गंमतीची आहे. यातले यंत्राचे आवाजही जुनेच आहेत. तो जमिनीतून आल्यासारखा बेस आणि टाळीसारखा ठोका यांचं मूळ रोलँड या जपानी कंपनीच्या टीआर-808 या ठेका-यंत्रात सापडतं. ते 1980 मध्ये आलं. पाठोपाठ टीबी-303 आलं. बेस गिटार वाजवणारा नसेल तर त्याच्या जागी वापरता यावं म्हणून बनवलेलं हे यंत्र. ते बाजारात चाललं नाही आणि 1984 मध्ये त्याचं उत्पादन थांबलं. मग ते जुन्या सामानाच्या दुकानात स्वस्तात मिळू लागलं आणि अमेरिकेतल्या शिकागोच्या तरुणांच्या हाती लागलं. त्यातूनच फ्यूचर या गटाचा 1987 चा ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ आला आणि ‘अ‍ॅसिड हाउस’ हा प्रकार जगभर गेला.

पण त्याच्या पाच वर्षं आधी, 1982 मध्ये, मुंबईच्या चरणजित सिंग यांनी हीच यंत्रं वापरून एक रेकॉर्ड केली होती: ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’. सिंग हे हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवणारे वादक. त्यांनी भैरव, ललत, मालकंस असे दहा राग यंत्राच्या ठेक्यावर बसवले. तेव्हा त्याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. पुढे एडो बाउमन या डच संग्राहकाला ती रेकॉर्ड दिल्लीत सापडली, 2010 मध्ये ती पुन्हा प्रकाशित झाली आणि जगभरातले लोक चकित झाले. शिकागोत जे घडलं त्याच्याशी इतकं मिळतंजुळतं काम मुंबईत आधीच होऊन गेलं होतं. सिंग यांनी उतारवयात युरोपात जाऊन ते संगीत मंचावर वाजवलं. 2015 मध्ये त्यांचं निधन झालं.

योगायोग बघा. ज्या 1982 मध्ये ही रेकॉर्ड आली, त्याच वर्षी 26 ऑगस्टला चंद्रपूरमधून वेगळा होऊन गडचिरोली जिल्हा झाला. आज त्या जिल्ह्यातला पोरगा मोबाइलवर जो बेस लावतो, त्याचं मूळ त्याच काळातल्या यंत्रात आहे. मूळ यंत्र त्याने कधी पाहिलेलं नसतं. त्याच्याकडे असतो तो त्या आवाजाच्या नमुन्यांचा ‘सॅम्पल पॅक’.

हे मिक्स बनतं कसं?

सगळ्यात आधी लागतो मूळ आवाज. तो कधी स्टुडिओतला असतो, कधी कार्यक्रमात मोबाइलवर घेतलेला, तर कधी दुसऱ्याच्या व्हिडिओतून काढलेला. मग एफएल स्टुडिओसारखं सॉफ्टवेअर. बेल्जियममधल्या कंपनीचं हे सॉफ्टवेअर 1990 च्या दशकाच्या शेवटी आलं आणि आज त्याची मोबाइल आवृत्तीही मिळते.

खरी मेहनत पुढे आहे. माणसं एकत्र गातात तेव्हा लय घड्याळासारखी चालत नाही. नाच रंगला की वेग वाढतो, दम लागला की उतरतो. यंत्राचा ठोका मात्र एकसारखा असतो. मिनिटाला 125 म्हणजे शेवटपर्यंत 125. त्यामुळे डीजेला गाणं जागोजागी कापावं लागतं, कुठे ताणावं लागतं, कुठे आवळावं लागतं. हे नीट जमलं तर गाणं उडतं. नाही जमलं तर गायिकेचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा वाटतो.

म्हणजे डीजेचं काम फुकटचं नाही. आणि ते सारखं डीजेचं नाव का येतं, याचंही उत्तर इथेच आहे. त्याचा मिक्स दुसरा कुणीतरी उचलून आपल्या चॅनेलवर टाकतो. गाण्याच्या पोटातच नाव ठेवलं की ते काढणं अवघड जातं. तो ‘टॅग’ म्हणजे चोरीपासून बचाव. नाव हरवण्याचं दुःख काय असतं हे डीजेला चांगलंच माहीत आहे. ते दुःख गाणाऱ्यालाही असू शकतं, एवढंच अजून लक्षात आलेलं नाही.

डीजेमुळे गोंडीचं नुकसान होतंय की फायदा?

2011 च्या जनगणनेत सुमारे 29.8 लाख लोकांनी गोंडी ही मातृभाषा सांगितली. तरीही ती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. बोलणारे लोक अनेक राज्यांत विभागलेले. महाराष्ट्रात ती देवनागरीत लिहिली जाते, तेलंगणात तेलुगू लिपीत. तिच्या स्वतःच्या लिपीही आहेत. मसराम गोंडी 2017 मध्ये आणि गुंजाला गोंडी 2018 मध्ये युनिकोडमध्ये आली, पण रोजच्या वापरात त्या अजून फार पोहोचलेल्या नाहीत.

अशा भाषेसाठी गाणं फार मोठं काम करतं, कारण गाण्याला लिपी लागत नाही. आदिलाबादचं गाणं जिवतीत वाजतं, कांकेरचं धानोऱ्यात. जे काम पाठ्यपुस्तकांना जमलेलं नाही, ते पेन ड्राइव्ह करतोय. शाळेत गोंडी बोलायला लाजणारं पोरगं त्याच भाषेतल्या गाण्यावर सगळ्यांसमोर नाचतं, ही लहान गोष्ट नाही.

पण दुसरी बाजूही आहे. रेला म्हणजे फक्त सूर नव्हे. हातात हात धरून केलेला फेर, एका गटाने टाकलेल्या ओळीला दुसऱ्याने दिलेलं उत्तर आणि जागच्या जागी रचलेले नवे शब्द, हे सगळं मिळून ते होतं. मिक्समध्ये चार ओळी कापून पुन्हा पुन्हा वाजतात आणि उत्तर देणारा गट गायब होतो. एटापल्ली-भामरागडच्या माडियाचा आणि कोरची-कुरखेड्याच्या गोंडीचा बोलण्यातला फरकही ‘गोंडी डीजे’ या एकाच लेबलखाली पुसला जातो. म्हणून मिक्स बंद करा, असं म्हणणं चूक ठरेल. पण मिक्स आहे म्हणजे गाणं जपलं गेलं, असंही समजायला नको.

लोकगीत कुणाचंच नसतं, मग हक्क कुठून आला?

इथे सगळ्यात जास्त गोंधळ आहे. ‘पारंपरिक गाणं आहे, कुणीही वापरावं’ हे वाक्य अर्धंच खरं आहे. एका ट्रॅकमध्ये वेगवेगळे हक्क असतात:

• शब्द आणि चाल: पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं, कर्ता माहीत नसलेलं गाणं असेल तर त्यावर सहसा कुणाचा कॉपीराइट नसतो. पण कुणी हयात माणसाने ते रचलेलं असेल, तर ‘लोकगीतासारखं वाटतं’ म्हणून ते लोकगीत होत नाही.

• ध्वनिमुद्रण: ज्याने रेकॉर्डिंग तयार केलं त्याचा वेगळा हक्क, प्रकाशनानंतर 60 वर्षं. म्हणजे जुन्या कॅसेटवरचं गाणं पारंपरिक असलं, तरी ते रेकॉर्डिंग फुकट वापरता येत नाही.

• गाणाऱ्याचा हक्क: हा कुणाच्या लक्षातच नसतो. कॉपीराइट कायद्याच्या कलम 38 नुसार सादरीकरण करणाऱ्याला त्या सादरीकरणावर 50 वर्षं हक्क असतो. गाणं कुणाचंही असो, गळा तिचा आहे. 2012 च्या दुरुस्तीने आलेलं कलम 38-ब तर गाणाऱ्याची ओळख सांगितली जाण्याचा हक्कही देतं. वापराच्या पद्धतीमुळेच नाव देणं शक्य नसेल, तेवढाच अपवाद.

म्हणजे मोबाइलवर गुपचूप रेकॉर्ड करून मिक्स बनवणं हे ‘लोकगीत आहे’ एवढ्या सबबीवर सुटत नाही. डीजेने त्यात नव्याने जे रचलं त्यावर डीजेचा हक्क राहतोच, पण तो गायिकेचा हक्क गिळून उभा राहू शकत नाही.

पैसा कुठे जातो?

यूट्यूबवर जाहिरातींचे पैसे मिळायला 1,000 सबस्क्रायबर आणि वर्षभरात 4,000 तास पाहिलं जाणं ही प्रचलित अट आहे. आठवड्याला दहा मिक्स टाकणारं चॅनेल तिथे पोहोचतं. ज्यांनी गाणं म्हटलं त्या गटाचं बहुतेक वेळा चॅनेलच नसतं.

त्यात ‘कंटेंट आयडी’चा पेच आहे. ही यंत्रणा अपलोड झालेला आवाज नोंदवलेल्या आवाजाशी ताडून बघते आणि जुळला की नोंदवणाऱ्याला दावा करता येतो. नियमाप्रमाणे ज्यावर आपला एकट्याचा हक्क आहे तेच नोंदवायचं असतं. पण कुणी मिक्स स्वतःच्या नावावर नोंदवला, तर उद्या त्याच गायिकांनी आपलं मूळ रेकॉर्डिंग टाकल्यावर त्यांनाच नोटीस येऊ शकते.

आवाजाच्या तक्रारीचं काय?

तीही खरी आहे. नियमानुसार रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. निवासी भागात मर्यादा दिवसा 55 डेसिबल, रात्री 45. डेसिबलचं गणित साधं नाही. दर 10 डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दहापट होते. 100 डेसिबलला साधारण 15 मिनिटांतच कानाला धोका सुरू होतो, असं तज्ज्ञांचं प्रमाण सांगतं. गाडीसमोर नाचणाऱ्यांचं आणि गाडीवर बसलेल्या ऑपरेटरचं किती नुकसान होत असेल, याचा अंदाज करा. पण हा भिंतींच्या उंचीचा प्रश्न आहे, संगीताचा नाही. तेच मिक्स कमी आवाजातही वाजतं.

मग करायचं काय?

उत्तराचा नमुना याच जिल्ह्यात आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. 2011 मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकारही ग्रामसभेकडे आला. त्याआधी बांबू जंगलात होता, गावाने तो पिढ्यान्‌पिढ्या वापरला होता, पण विकायचा कुणी हे गाव ठरवत नव्हतं. गाव बांबूच्या वापराविरुद्ध नव्हतंच, आपल्याला विचारलं जावं एवढंच त्याचं म्हणणं होतं. अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला आपल्या परंपरा आणि सांस्कृतिक ओळख जपण्याचा अधिकार 1996 चा पेसा कायदाही देतो. ज्या ग्रामसभेला बांबूचा हिशोब ठेवता येतो, तिला गाण्यांची वही ठेवणं अवघड नाही.

डीजेंनाही फार काही करायचं नाही. रेकॉर्ड करण्याआधी विचारायचं आणि तो होकार त्याच मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवायचा. डिस्क्रिप्शनमध्ये गाणाऱ्यांची नावं, गाव आणि तारीख लिहायची. पैसे मिळणार असतील तर वाटा आधीच ठरवायचा. आणि न कापलेलं मूळ रेकॉर्डिंग गटाला परत द्यायचं.

चरणजित सिंग यांना जग इतक्या वर्षांनी शोधू शकलं, कारण त्या रेकॉर्डच्या कव्हरवर त्यांचं नाव छापलेलं होतं. आज वाजणारं एखादं रेला मिक्स 30 वर्षांनी कुणाला असंच सापडलं, तर त्याला डीजेचं नाव दहा वेळा ऐकू येईल. गायिकेचं नाव एकदा तरी ऐकू यावं, यासाठी आज फक्त डिस्क्रिप्शनमध्ये एक ओळ टाइप करायची आहे.