डिसेंबरातली सावली

थंडीच्या लाटेत काय करावे, याचा राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचा एक सल्ला आहे. थंडी पडली की तो जिल्ह्याजिल्ह्यांत फिरतो. शक्यतो घरातच थांबा. अंग कोरडे ठेवा, कपडे ओले झाले तर लगेच बदला. लोकरीचे कपडे एकावर एक घाला. बोटाबोटांच्या हातमोज्यांपेक्षा चारही बोटे एकत्र झाकणारे मोजे बरे. बोटे, कानाची पाळी किंवा नाकाचा शेंडा पांढरा पडला तर हिमदंशाची शंका घ्या.

सल्ल्यात चूक काही नाही. लडाखात, लाहौलमध्ये तो जीव वाचवेल. पण मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यात बर्फ पडत नाही. वैनगंगेच्या काठी थंडी दवाबरोबर उतरते आणि उघड्यावर रात्र काढणाऱ्याला धरते. डिसेंबर-जानेवारीत असा माणूस कुठे भेटेल, हे शोधायला सर्वेक्षण नको. धान खरेदी केंद्रावर जावे.

मध्य प्रदेशात हमीभावाची धान खरेदी डिसेंबरच्या पहिल्या दिवसांत सुरू होते आणि जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत चालते. वर्षातले सगळ्यात थंड आठवडे नेमके हेच. बालाघाट राज्यातला धानाचा मोठा जिल्हा. म्हणजे जिल्ह्याला घरात थांबायला सांगितले जाते, त्याच आठवड्यांत जिल्ह्यातला शेतकरी ट्रॉली घेऊन बाहेर पडलेला असतो. तोही सरकारनेच ठरवून दिलेल्या तारखांना.

केंद्रावर धानाची ओल मोजतात. 17 टक्क्यांपर्यंत चालते, वर गेली तर माल परत सुकवा. त्यासाठी यंत्र आहे. ढीग झाकायला ताडपत्री हवी, अशा सूचना आहेत. पावसाचा अंदाज आला की त्या पुन्हा निघतात. रात्रीचे दव धानाला लागले की आकडा चढतो, म्हणून शेतकरी ढिगापासून हलत नाही. ढीग ताडपत्रीखाली राहतो, राखणदार बाहेर. कपडे ओले झाले तर लगेच बदलावेत, हा सल्ला त्याने तिथे कसा पाळावा?

माणसासाठी काहीच नाही, असेही नाही. खरेदी केंद्रावर शेतकऱ्यांसाठी काय असावे, याची यादी असते. पिण्याचे पाणी, बसायची जागा आणि सावली. डिसेंबरात सावली! हीच खरेदी यंत्रणा मार्च ते मे गहू विकत घेते. तेव्हा उन्हात ताटकळणाऱ्याला सावली हवीच. ती सोय धानाच्या हंगामात जशीच्या तशी लागू होते, इतकेच. थंडीचा सल्ला बर्फाच्या मुलखातला आणि केंद्रावरची सोय उन्हाळ्यातली. बालाघाटचा डिसेंबर दोन्ही कागदांत नाही.

दोन्ही कागद एकाच दालनातून जातात. 2005च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याप्रमाणे जिल्हा प्राधिकरणाचा अध्यक्ष जिल्हाधिकारी असतो. जिल्ह्यातल्या खरेदीवर देखरेखही त्याचीच. थंडीत शाळांची वेळ पुढे ढकलण्याचा आदेशही तोच काढतो. तो आदेश योग्यच आहे. सात-आठ वर्षांच्या पोराने पहाटे कुडकुडत शाळेत जाऊ नये. त्याचा बाप त्या पहाटे कुठून उठतो आहे, हे मात्र त्याच टेबलावरच्या दुसऱ्या फायलीत असते.

आता स्लॉटची पद्धत आहे, तारीख ठरवूनच शेतकरी येतो, त्याला रात्र काढायची वेळच येत नाही, असे उत्तर मिळेल. कागदावर ते बरोबर आहे. स्लॉट शेतकऱ्याच्या येण्याचा असतो. धानाचे वजन होण्याचा नसतो. बारदाना संपला, हमाल कमी पडले, आधीचा माल उचलला न गेल्याने जागा उरली नाही, यांतले काहीही एक झाले की सकाळचा स्लॉट संध्याकाळवर जातो आणि संध्याकाळचा उद्यावर. भरलेली ट्रॉली परत गावी नेणे परवडत नाही. धान टाकून जाणे त्याहून नाही.

दुसरे उत्तर असे मिळेल की थंडीची लाटच आलेली नाही. हवामान खात्याच्या मोजमापात मैदानी भागात किमान तापमान 10 अंश किंवा खाली आले आणि सरासरीपेक्षा किमान 4.5 अंशांनी घसरले, तर लाट. पारा थेट 4 अंशांवर आला, तरी लाट. सरासरीच 10-11 असेल, तर 7 अंशांची रात्र लाटेत बसत नाही. अंदाज वर्तवायला हे माप ठीक आहे. पण तयारीही त्याच मापाला बांधली, तर 7 अंशांवर दवात बसलेल्या माणसासाठी काही करण्याचे कारणच प्रशासनाला उरत नाही.

मागणी मोठी नाही. केंद्राजवळ तीन बाजूंनी बंद असलेली एक खोली. सोसायटीच्या गोदामाचा कोपरा चालेल, रात्री रिकाम्या पडणाऱ्या शाळेचा वर्गही चालेल. काही ब्लँकेटे, मध्यरात्रीपर्यंत चहा, आणि ढिगांवर नजर ठेवणारा केंद्राचा पहारेकरी, म्हणजे शेतकऱ्याला झोपता येईल. नगरपालिका शहरात शेकोटीला लाकडे टाकते, तशी इथे टाकून भागणार नाही. तागाची पोती आणि पेंढा असलेल्या आवारात आग पेटवणे धोक्याचे आहे. खोलीच हवी. जमेल त्या केंद्रावर सुरुवात करावी, पण केंद्राच्या सामानाच्या यादीत ती ओलावामापकाच्या शेजारी लिहिलेली असावी. सीमेपलीकडे गोंदिया-भंडाऱ्यात आधारभूत खरेदी केंद्रे चालवणाऱ्यांनीही आपली यादी एकदा काढून पाहावी. थंडी तिकडे वेगळी नाही.

शिमल्यात हिवाळ्याआधी रस्त्यांच्या कडेला वाळू साठवतात, कोणता जेसीबी कोणत्या भागात हे ठरवतात. बर्फ कोणत्या दिवशी पडेल, हे तिथे कोणालाच ठाऊक नसते. बालाघाटात धानाच्या शेतकऱ्यांची नोंदणी सप्टेंबर-ऑक्टोबरात उरकते. कोण येणार, साधारण किती धान आणणार, याची यादी थंडी पडायच्या आधीच प्रशासनाच्या हातात असते.