भोळ्याचा देव आणि फळांची कंपनी

'फॉरेस्ट गंप' पाहताना आमच्या सौ.ला तीन रुमाल लागले. मला एकही लागला नाही, म्हणून घरात दोन दिवस अबोला! १९९४ च्या या चित्रपटाला ६ ऑस्कर मिळाली, मिळोत बापडी. माझी तक्रार वेगळी आहे.

वादळात इतरांच्या कोळंबीच्या बोटी फुटतात, या भोळ्या फॉरेस्टची तेवढी वाचते. लेफ्टनंट डॅन त्याचे पैसे 'ॲपल'मध्ये गुंतवतो आणि हा समजतो, फळांची कंपनी! अहो, मी २० वर्षं काउंटरवर बसतोय. न वाचता सही करणारी भोळी माणसं रोज बघतो. त्यांच्या वाट्याला डॅन येत नाही. 'जामीन राहा, नुसती सही तर करायचीय' म्हणणारा मेव्हणा येतो. पुढे नोटीस येते, तेव्हा पार्श्वसंगीत नसतं.

उलट युद्धाला विरोध करणारी जेनी मात्र मरते. म्हणजे काय, प्रश्न विचारू नका, सांगतील तिकडे धावा, बाकी देव बघून घेईल? साफ नामंजूर! भोळेपणा हा गुण आहे, कबूल. पण ते तारण नव्हे.

तेव्हा रडा खुशाल. फक्त उद्या काउंटरवर आलात, की डोळे पुसून आधी फॉर्म वाचा.