दुपारच्या उजेडात वाचता येईल का?

मे महिन्यात बारावीचा निकाल लागला की चौल-रेवदंड्याकडच्या घराघरांत एक प्रश्न सुरू होतो. पोरीला लॅपटॉप घ्यायचा की टॅबलेट? आणि आत्ताच घ्यायचा की थांबायचं? या थांबण्यामागे अफवांचं मोठं जग उभं आहे. माझा पुतण्या त्या जगातला जाणकार आहे. मॅकबुक प्रोला ओलेड स्क्रीन येणार, ती बोटानंही चालवता येणार, आयपॅड मिनीलाही ओलेड मिळणार, असं तो मला न चुकता सांगतो. टच स्क्रीनच्या मॅकबुकची बातमी २०२३ च्या जानेवारीत पहिल्यांदा गाजली, तेव्हापासून आमच्या घरात कोणताही संगणक घेण्याआधी त्याचा एक निरोप येतो: "काका, इतक्यात घेऊ नका."

त्याच्या चुलतभावाचं मत नेमकं उलटं आहे. ओलेडची स्क्रीन मंद केली की ती सेकंदाला शेकडो वेळा उघडझाप करते. डोळ्यांना ते जाणवत नाही, पण काहींचं डोकं दुखतं. म्हणून तो साध्या एलसीडीवर ठाम आहे. दोघांची जुंपली की निट, हर्ट्झ, पिक्सेल असे शब्द ओटीभर उडत असतात. मला हा वाद मनापासून आवडतो. दोघंही अभ्यास करून बोलतात, आणि स्क्रीन ही दिवसाचे आठ-दहा तास डोळ्यांसमोर राहणारी वस्तू आहे, तिच्याबद्दल भांडलंच पाहिजे. फक्त दोघांचं भांडण पडदे ओढलेल्या खोलीतलं आहे. आपण राहतो तिथे दिवसा प्रचंड उजेड असतो, आणि त्या उजेडाचा प्रश्न त्यांच्या बोलण्यात येत नाही.

आमच्याकडची घरं बघा. समोर अंगण, मग पडवी, मग ओटी, मागे नारळ-पोफळींची वाडी. उकाड्यामुळे दिवसा कोणी माजघरात बसत नाही. अभ्यास, हिशेब, गप्पा सगळं पडवीत. समोरच्या बाजूनं आकाशाचा पांढराशुभ्र तुकडा थेट आत येतो. चकचकीत काचेचा टॅबलेट तिथे उघडला की पानावरच्या अक्षरांच्या आधी झावळ्या दिसतात, आणि वारा असेल तर त्या हलताना दिसतात. मूल मान वाकडी करतं, टॅबलेट तिरका धरतं, शेवटी उठून अंधाऱ्या खोलीत जातं.

यामागचं गणित अवघड नाही. साधी काच तिच्यावर पडलेल्या उजेडापैकी सुमारे ४ टक्के उजेड परत फेकते. उजळ आकाशाचा तुकडा ५,००० निट (निट म्हणजे उजळपणाचं माप) धरला, तर काचेतून २०० निट आपल्या डोळ्यांकडे येतात. स्वस्तातल्या टॅबलेटची स्क्रीन पूर्ण वाढवून ४०० निटच्या आसपास जाते. म्हणजे पांढरा भाग झाला ६०० आणि ज्याला आपण काळा म्हणतो तो झाला २००. फरक उरला तिप्पट. ओलेडचा मोठा गुण असा की तिच्यात काळा म्हणजे खरोखर काळा, तिथला दिवा पूर्ण बंद. रात्री सिनेमा पाहताना तो गुण डोळ्यांना सुखावतो. पडवीत मात्र त्या काळ्यावर आकाश येऊन बसतं, आणि ज्या गुणासाठी वर्षभर थांबलो तोच दिसेनासा होतो. मग उरते ती फक्त दिव्याची ताकद. २०२४ च्या मे महिन्यात आलेल्या ओलेड आयपॅड प्रोची स्क्रीन १,००० निटपर्यंत जाते, ती इथे बरीच तग धरते; पण त्या किमतीत आमच्याकडच्या बऱ्याच घरांचं पावसाळ्याआधीचं कौल-पन्हळीचं काम होतं.

उन्हाशी दिव्यानं स्पर्धा करणं हाच मुळात उलटा मार्ग आहे. दुपारच्या थेट उन्हात पांढरा कागद जवळजवळ २५,००० निट इतका उजळ दिसतो. त्याच्यात दिवा नसतो, बॅटरी नसते. तो फक्त आलेला उजेड परत देतो. उन्हात वर्तमानपत्र अधिक स्पष्ट दिसतं आणि मोबाइल विझल्यासारखा वाटतो, त्याचं कारण हेच. म्हणजे उन्हात वाचायची स्क्रीन हवी तर ती कागदासारखी उजेड परतवणारी हवी.

आणि अशी स्क्रीन बनली होती. एवढंच नव्हे, ती आपल्या रायगड जिल्ह्यातल्या मुलांच्या हातात आली होती. हे आपल्याकडे फार कमी लोकांना ठाऊक आहे, याची मला खंत वाटते.

अमेरिकी संगणकतज्ज्ञ निकोलस नेग्रोपोंटे यांनी शंभर डॉलरच्या लॅपटॉपची कल्पना मांडली होती: जगातल्या प्रत्येक गरीब मुलाला एक संगणक. केंद्रातल्या मनुष्यबळ विकास मंत्रालयानं २००६ मध्ये तिला नकार दिला. तरी २००७ मध्ये तिचा भारतातला पहिला प्रयोग झाला, तो आपल्या जिल्ह्यातल्या खैराट नावाच्या छोट्या गावात. किनाऱ्यापासून दूर, डोंगराच्या बाजूला, एक शिक्षक आणि विसेक मुलं एवढीच शाळा. त्या मुलांना हिरव्या-पांढऱ्या रंगाचे, डोक्यावर सशाच्या कानांसारखे दोन अँटेना असलेले एक्सओ लॅपटॉप मिळाले. प्रोसेसर ४३३ मेगाहर्ट्झचा, मेमरी २५६ एमबी. त्या काळातही हे आकडे लहानच होते, आणि जगभरच्या टीकाकारांनी त्यांच्यावरच बोट ठेवलं.

त्या यंत्राचं खरं मोल त्याच्या साडेसात इंची स्क्रीनमध्ये होतं. मेरी लू जेप्सन या अभियंता बाईंनी ती घडवली. घरात मागचा दिवा लावला की रंगीत चित्र, आणि उन्हात नेऊन दिवा बंद केला की कृष्णधवल, पण १२०० गुणिले ९०० ठिपक्यांचं, इंचाला २०० ठिपके भरतील इतकं रेखीव अक्षर. आकाशाचा उजेडच तिचा दिवा. दिवा बंद म्हणजे विजेचा खर्चही नावापुरता. विजेचा भरवसा नसलेल्या शाळेसाठी आणि झाडाखाली बसणाऱ्या मुलासाठी कोणीतरी स्क्रीनचा मुळापासून विचार केला होता. इतका विचार त्यानंतर आलेल्या महागड्या टॅबलेटमध्येही मला दिसलेला नाही. शंभर डॉलरचं स्वप्न पुरं झालं नाही, किंमत दुपटीच्या जवळ गेली, आणि त्या योजनेचे शैक्षणिक दावे तपासूनच घ्यायला हवे होते हेही खरं. पण दाव्यांबरोबर आपण ती स्क्रीनही विसरलो.

जेप्सनबाईंनी पुढे पिक्सेल ची नावाची कंपनी काढून तीच कल्पना बाजारात आणली. तिच्यावर सगळ्यात मोठी उडी घेतली ती भारतातल्या काही तरुण अभियंत्यांनी. त्यांच्या नोशन इंक कंपनीचा 'अॅडम' टॅबलेट २०१० च्या जानेवारीत लास व्हेगासच्या प्रदर्शनात दिसला, आणि त्याच महिन्याच्या २७ तारखेला स्टीव्ह जॉब्ज यांनी आयपॅड दाखवला. ते वर्ष अॅडमच्या वाट पाहण्यात गेलं. केव्हा येणार, किती रुपयांना, साधी एलसीडी घ्यावी की जादा पैसे मोजून उन्हात दिसणारी? आज पुतण्या ओलेडबद्दल ज्या उत्साहानं बोलतो, त्याच उत्साहानं तेव्हा भारतातली पोरं एका भारतीय टॅबलेटच्या स्क्रीनबद्दल बोलत होती. नोंदणी डिसेंबरात सुरू झाली, यंत्रं २०११ च्या जानेवारीत रवाना होऊ लागली. उन्हात अक्षर दिसत होतं, पण घरातले रंग फिके पडत, बाजूनं पाहिलं की चित्र बिघडत असे, आणि सॉफ्टवेअर कच्चं होतं. आयपॅडपुढे अॅडम टिकला नाही. काही वर्षांत पिक्सेल चीही गेली.

त्याच २०११ च्या ऑक्टोबरात तेव्हाचे मनुष्यबळ विकास मंत्री कपिल सिब्बल यांनी 'आकाश' टॅबलेट आणला. सात इंची स्क्रीन, ८०० गुणिले ४८० ठिपके, सरकारला पडणारी किंमत सव्वादोन हजारांच्या घरात. पुढे ही जबाबदारी पवईच्या आयआयटीकडे आली. देशभर चर्चा झाली ती किमतीची आणि जोरानं दाबावं लागणाऱ्या टचची. खैराटमध्ये येऊन गेलेली स्क्रीन या नव्या सरकारी टॅबलेटला का नको, हा प्रश्न त्या गदारोळात ऐकू आला नाही.

उन्हातल्या स्क्रीनला गिऱ्हाईक का मिळालं नाही, याचं माझ्या मते उत्तर दुकानात आहे. खरेदी वातानुकूलित दालनात होते. तिथे दहा स्क्रीन रांगेत लावलेल्या असतात आणि चकचकीत काचेतले रंग डोळ्यांत भरतात. मॅट, म्हणजे बिनचमकीची स्क्रीन शेजारी मलूल वाटते. अॅपलनं २००८ मध्ये मॅकबुक प्रो चकचकीत काचेत आणला, तेव्हा छायाचित्रकार आणि मांडणीकार इतके चिडले की पुढच्या वर्षी जादा पैसे घेऊन मॅटचा पर्याय परत द्यावा लागला. २०१२ च्या रेटिना स्क्रीनबरोबर तो पुन्हा मावळत गेला आणि २०२४ च्या ऑक्टोबरात नॅनो-टेक्श्चर या नावानं परतला. बारा वर्षं. आयपॅड प्रोमध्ये तर तो फक्त १ आणि २ टीबीच्या, म्हणजे सर्वांत महाग यंत्रांनाच मिळाला. उजेडात वाचता येणं ही चैन ठरवली गेली. हे मला मान्य नाही.

कारण उजेडात वाचण्याची गरज चैन करणाऱ्यांना सर्वांत कमी आहे. २०२१ च्या १५ ऑगस्टपासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्यानं स्वतः शेतात उभं राहून मोबाइलवर पीक नोंदवायचं आणि फोटो चढवायचा. खरिपात पाऊस उघडला की भाताच्या बांधावर जे ऊन पडतं ते डोळे मिटायला लावतं. छत्रीच्या सावलीत, पदराच्या आडोशाला फोन धरून गट क्रमांक शोधणारी माणसं मी दर हंगामात पाहतो. अॅप चालत नाही अशी तक्रार होते, ती खरी असते. पण अनेकदा अॅप चालत असतं आणि दिसत नसतं.

याउलट बंदरावर जा. होडीवरचा जीपीएस आणि फिशफाइंडर बघा. त्यांची स्क्रीन जाड, ओबडधोबड, ठिपके कमी. पण समुद्रावरच्या भर उन्हात आकडा लख्ख दिसतो. रेवदंड्याच्या एका तांडेलाला मी विचारलं, एवढे पैसे का घातले? तो म्हणाला, "उन्हात दिसत नाय तो काय कामाचा?" त्याच्या धंद्यात खरेदीची पहिली अट तीच आहे, म्हणून बनवणाऱ्यांनी ती पाळली.

विजेचीही बाजू आहे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यावर आलं. श्रीवर्धन, मुरुड, म्हसळ्याकडच्या गावांत कित्येक आठवडे वीज नव्हती, वाड्या झोपल्या, मोबाइलचे मनोरे बंद. आणि त्याच जूनमध्ये करोनामुळे शाळा ऑनलाइन भरू लागली. रेंज नव्हती तिथे शाळा गेलीच, पण जिथे पुस्तकं यंत्रात उतरवून ठेवता आली असती तिथेही बॅटरी स्क्रीनच्या दिव्यात संपत होती. दिवसाच्या उजेडावर चालणाऱ्या स्क्रीनची गरज त्या जूनमध्ये होती तितकी कधीच नव्हती.

आशेला जागा आहे. २०२४ च्या मे महिन्यात अमेरिकेत डेलाइट कंपनीनं उजेड परतवणाऱ्या एलसीडीचा साडेदहा इंची टॅबलेट आणला. कृष्णधवल, पण झटपट पानं उलटणारा. आला तेव्हा किंमत ७२९ डॉलर होती, म्हणजे आपल्यासाठी दूरची गोष्ट. टीसीएलचे मॅट, कागदासारख्या पोताचे टॅबलेट त्या मानानं आवाक्यात आहेत. किंडलची ई-इंक वाचनाला उत्तम, पण तिच्यावर व्हिडिओ पाहणं जमत नाही. मॅट हा काही रामबाण नाही. थेट उन्हात मॅट काच सगळीकडून पांढुरकी होते. पडवीच्या उजेडात मात्र ती झावळ्यांचं प्रतिबिंब मोडते आणि अक्षर मोकळं करते. साध्या टॅबलेटवर मॅट स्क्रीनगार्ड लावला तरी हा फरक कळतो.

म्हणून यंदा विचारणाऱ्या सगळ्यांना मी सांगतो: पुढच्या वर्षीच्या ओलेडसाठी पोरीचं कॉलेजचं पहिलं वर्ष वाया घालवू नका. दुकानदाराला यंत्र दुपारी दाराबाहेर आणायला सांगा, पांढऱ्या पानावरची बारीक मराठी अक्षरं उघडा, अनुस्वार दिसतो का बघा. निटचा आकडा विचारा. ५०० च्या खाली असेल तर घासाघीस करा. पुतण्यालाही मी हेच काम दिलंय. पुढच्या अफवेची बातमी आणताना तिच्यात काचेबद्दल काय म्हटलंय तेही शोधून आण.

आणि एक मागणी मी इथे लेखी करतो. अलिबागला जिल्हा परिषदेत शाळांच्या टॅबलेट खरेदीचा विषय येईल, तेव्हा निविदेत मेमरी आणि प्रोसेसरच्या ओळींशेजारी आणखी दोन ओळी असाव्यात: स्क्रीनचा उजेड किमान ५०० निट, आणि काच प्रतिबिंब न पाडणारी. नमुना यंत्राची तपासणी शाळेच्या व्हरांड्यात, दुपारी बारा वाजता, चौथीच्या मुलाला मोठ्यानं वाचायला लावून करावी. सभासदांपैकी कोणी हा विषय मांडणार असेल, तर आकडे आणि कागद तयार करून द्यायला मी येईन.